मदत हवी आहे: 'पुट'ला जर्मनमध्ये काय लिहू?

मंडळी, जर्मनची बी-वन पातळीची परीक्षा झालीय म्हणून साहेबांनी चार पानी वर्क इन्स्ट्रक्शन जर्मनमध्ये करायला दिलंय. इंग्रजीत ओळीआड 'पुट'. मी सरसकट 'लेगेन' लावून मोकळा झालो. तिकडच्या माणसाने फोनवर विचारलं, "तेलाचं पिंप पॅलेटवर आडवं का करताय?" तेव्हा पेटली. 'लेगेन' म्हणजे आडवं ठेवणं, पिंपाला 'श्टेलेन' हवं.

आता सगळं पुन्हा चाळतोय. बोल्ट भोकात घालायला 'श्टेकेन', पाना जागच्या जागी ठेवायला 'त्सुरुकलेगेन', एवढं जमलं. पण ट्रे? जेमतेम दोन बोटं उंच, आडवाच दिसतो, मग लेगेन ना? जॉब (ज्यावर काम करायचं तो भाग) फिक्श्चरमध्ये, म्हणजे तो पकडून धरणाऱ्या साच्यात ठेवायचा, तिथे काय? आणि हातमोजे, गॉगल, इअरमफ, तिन्हींना 'पुट ऑन'. आपणही मोजे घालतो नि चष्मा लावतो, त्यामुळे वेगळ्या क्रियापदांबद्दल तक्रार नाही, फक्त कुठलं कुठे ते सांगा. डिक्शनरी वाचून डोकं आणखी फिरलं. सोमवारी पाठवायचंय.

प्रतिसाद १
ट्रे श्टेलेनच. उंची नका बघू, बूड बघा. बुडावर टेकतं ते श्टेलेन. ताट कितीही चपटं असो, जर्मन माणूस ते टेबलावर 'उभं'च करतो. पुस्तक मात्र कपाटात उभं लावलं तर श्टेलेन, टेबलावर आडवं ठेवलं तर लेगेन.
जॉबला शॉपफ्लोअरवर 'आइनलेगेन' म्हणतात. हातमोजे 'आनत्सीएन', गॉगल आणि इअरमफ 'आउफझेत्सेन'. कानात बोळे घालायचे असतील तर 'आइनझेत्सेन'.
आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. सूचनेत क्रियापद मूळ रूपातच शेवटी टाका: 'फास आउफ दी पालेटं श्टेलेन', म्हणजे पिंप पॅलेटवर ठेवा. पिंप तिथे नेऊन ठेवायचंय म्हणून 'पालेटं'च्या आधी 'दी'. आधीच ठेवलेलं आहे असं सांगायचं असेल तर 'आउफ देअर पालेटं' आणि क्रियापद 'श्टेएन' (उभं असणं). परीक्षेत माझे इथेच मार्क गेले होते.

धागाकर्ता
बूड! हे क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही. लेबलला 'आउफक्लेबेन' केलंय, ते चालेल ना? आणि खोका श्टेलेन, पण घडी केलेले रिकामे खोके लेगेन?

प्रतिसाद १
दोन्ही बरोबर. घडी केल्यावर बूड राहिलं कुठे?