रोजच्या रस्त्यावर काय सापडलं? तुमचे अनुभव लिहा

रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांनो, या. सूर्यास्त आणि पर्यटनस्थळं नकोत. रोज जायच्या-यायच्या वाटेवर काय दिसलं आणि ते कसं टिपलंत, एवढंच. मोबाईलवाल्यांनीही लिहा.

*

माझी पद्धत आळशी माणसाची. तिरपं ऊन पडलेली भिंत शोधायची आणि समोर ठाण मांडायचं. आधी चौकट, मग माणूस. येतो कुणीतरी. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा प्रसिद्ध फोटो (१९३२) कुंपणाच्या फटीतून काढलेला आहे आणि नंतर क्रॉपही केलेला, म्हणजे कडा कापलेला. क्रॉपच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगितलं.

*

मला एका जागी उभं राहवत नाही. ३५ एमएम लेन्स, एफ-८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक), शटर १/२५० सेकंद आणि फोकस हातानेच ३ मीटरवर. फुलफ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं, ऑटोफोकसची वाट बघावी लागत नाही. म्हणून तर ते आजोबा मिळाले. भर गर्दीत थांबून आजींचा चष्मा पुसत होते. काच तोंडाजवळ नेली, वाफ सोडली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, उजेडाकडे धरून पाहिली, परत पुसली. आजी डोळे मिटून त्यांचं कोपर धरून उभ्या. माणसं दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होती. कॅमेरा डोळ्याला लावून फोकस जुळवत बसले असते तर चष्मा कधीच नाकावर चढला असता!

*

माझ्याकडे फक्त मोबाईल. पावसात बसच्या काचेतून काढते. फोकस काचेवरच्या थेंबांवर बोट दाबून लॉक करायचा, उजेड थोडा खाली ओढायचा. बाहेरच्या छत्र्या आणि सिग्नलचे नुसते रंग उरतात. अमेरिकन फोटोग्राफर सॉल लायटरचे ओल्या काचेतून काढलेले न्यूयॉर्कचे फोटो बघा. मूळचा चित्रकार, ते दिसतंच.

*

झोपलेली आणि हतबल माणसं मी काढत नाही, त्यात मला सौंदर्य वगैरे दिसत नाही. बाकीच्यांना फोटो दाखवतो, नको म्हणाले तर समोरच डिलीट करतो. एका किल्ल्या बनवणाऱ्याचे नुसते हात काढले होते. कानस, बोटांवर पितळेची भुकटी. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "अहो, यात मी कुठाय?" मग केस विंचरून, ताठ बसून दुसरा काढायला लावला. प्रिंट अर्थातच त्याला या दुसऱ्या फोटोचीच हवी होती. मॅट कागदावर काढून दिली, उन्हात चकाकत नाही.