‘विश्वासी’ आणि ‘विश्वासू’ : एक शब्द की दोन?

धागाकर्ती
सोलापुरात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या बायबल-वर्गाच्या) मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातला, परदेशी जाताना चाकरांच्या हाती पैसे सोपवणाऱ्या धन्याचा दृष्टान्त चालू होता. धनी परत येऊन ‘विश्वासू दासा’ म्हणतो तिथं एका मुलीनं हात वर केला. “टीचर, विश्वासू म्हणजे येशूवर विश्वास ठेवणारा ना? मग या चाकरानं कुणावर विश्वास ठेवला?”

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे ‘विश्वासी’, ‘विश्वासणारे’ आणि ‘विश्वासू’ हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. “सगळे विश्वासू जमले का?” असं सहज विचारलं जातं. नव्या पेठेतला दुकानदार मात्र “गल्ल्यावर बसायला विश्वासू पोरगा बघा” म्हणतो, तेव्हा तो कुणाच्या श्रद्धेची चौकशी करत नसतो. व्याकरणाच्या अंगानं कुणी सांगेल का? आणि ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जगण्याला यातला कुठला शब्द जास्त लागू पडतो, हेही मला बोलायचं आहे.

शब्दरसिक
ताई, दोन्ही शब्दांच्या तोंडाच्या दिशा उलट आहेत. ज्ञान असलेला तो ज्ञानी, उपवास करणारा तो उपवासी, तसा विश्वास बाळगणारा तो विश्वासी. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर *दुसऱ्याला* विश्वास टाकता येतो तो. मुळात ‘श्वस्’ हा श्वास घेण्याचा धातू. विश्वास म्हणजे निर्धास्त होऊन, मोकळा श्वास घेऊन असणं. विश्वासी स्वतः निर्धास्त असतो, विश्वासू समोरच्याला निर्धास्त करतो. विद्यार्थिनीला सांगा, चाकराबद्दल धन्याला खात्री पटली म्हणून तो विश्वासू.

नम्मकम
अक्का, माझं माहेर सोलापूरच्याच पूर्व भागातलं, घरात तेलुगू. आमच्या तेलुगू बायबलात हे दोन शब्द वेगळेच आहेत. विश्वास ठेवणारा तो ‘विश्वासी’, आणि त्या दृष्टान्तातला चाकर ‘नम्मकमैन’. हाच ‘नम्मकम’ आम्ही उधारी देताना, भिशी लावताना, पोरीला एकटीला परगावी पाठवताना वापरतो. शेजारच्या कानडी मावशींना विचारलं, तर त्यांच्या बायबलातही चाकर ‘नंबिगस्त’ आहे. घोळ मराठी बोलताना होतो, कारण आपले दोन्ही शब्द दिसायला जुळे.

पेन्शनर काका
घोळ मराठीचा एकटीचा नाही. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘पिस्तोस’, आणि त्याचे दोन्ही अर्थ होतात, विश्वास ठेवणारा आणि विश्वासास पात्र असणारा. प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायात तीमथ्याच्या आईला तो लावलाय, तिथं अर्थ ‘विश्वास धरणारी’. करिंथकरांस पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, कारभारी कसा असावा हे सांगताना हाच शब्द येतो, तिथं अर्थ ‘विश्वासू’. ग्रीकमध्ये ज्याला एक शब्द पुरला त्याला आपल्याला दोन लागतात, एवढंच.

धागाकर्ती
काका, आभार. पात्रता ‘कारभाऱ्या’ची सांगितली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारभारी म्हणजे दुसऱ्याच्या मालाचा हिशेब ठेवणारा. लूकच्या १६ व्या अध्यायात येशू थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू असं म्हणतो, तेही कारभाऱ्याच्या गोष्टीला लागून, आणि पुढचं वाक्य थेट पैशाबद्दलचं आहे. येशूच्या तोंडचा विश्वासू पेठेतलाच आहे. आपण त्याला उचलून रविवारपुरता करून ठेवला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घडीखातं
मी टॉवेलच्या कारखान्यात घडी आणि पॅकिंग बघतो. मागावरून आलेला प्रत्येक नग उजेडाकडे धरायचा, दोन्ही काठांवरून बोट फिरवायचं, धागा सुटलाय का, तेलाचा डाग आहे का बघायचं. असा नग ‘सेकंड’, तो बाजूला. चांगला तो ‘फ्रेश’. आता डझनाच्या गठ्ठ्यात मधोमध एक सेकंड सरकवला तर वरून काही कळत नाही. गठ्ठा परगावी फुटतो, तोवर पैसे जमा झालेले असतात. घाईच्या सीझनला “जाऊ दे की, एवढं कोण बघतंय” असं म्हणणारे पुष्कळ.

आमच्याकडे एक ख्रिस्ती बाई आहेत. त्या कुणाला वचन सांगत बसत नाहीत. पण त्यांच्या टेबलावरचा गठ्ठा मालक पुन्हा उघडून बघत नाही, सरळ शिलाई मारायला पाठवतो. एकदा माल कमी पडत होता तेव्हा सुपरवायझरनं दोन सेकंड आत घालायला सांगितले. बाई म्हणाल्या, “दहाच भरतात, दहाचंच बिल करा.” आवाज चढवला नाही, काही नाही. मी हिंदू आहे, पण ‘विश्वासू’चा अर्थ विचारलात तर मी त्या टेबलाकडे बोट दाखवीन.

शब्दरसिक
दादा, वा.

वचनप्रेमी
मला थोडं हटकायचं आहे. प्रामाणिकपणा म्हणजे विश्वास नव्हे. प्रामाणिक माणसं सगळ्या धर्मांत आहेत. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, हे इफिसकरांस पत्रातलं शिक्षण अशा चर्चेत हरवू नये.

धागाकर्ती
हरवू नयेच. दादा, तुम्ही म्हणता ते मी वर्गातही शिकवते. पण त्याच पत्रात कृपेचं वचन संपतं तिथंच, पुढच्या ओळीत, सत्कृत्यं येतात. त्यांच्यासाठीच आपल्याला घडवलंय असं म्हटलंय. विश्वासी असणं हे मूळ आहे, वाद नाही. माझं म्हणणं एवढंच, की जो सहा दिवस विश्वासू नाही त्याच्या विश्वासाबद्दल शेजाऱ्याला काही कळायला मार्गच उरत नाही. विड्या मोजून घेणारा ख्रिस्ती असेल आणि चांगल्या विड्याही ‘छाट’ म्हणून बाजूला टाकत असेल, तर वळणाऱ्या बाईनं त्याच्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघून काय समजायचं?

पेन्शनर काका
यावरून ‘इमान’ आठवला. अरबीत ईमान म्हणजे धर्मश्रद्धा, ईश्वरावरचा विश्वास. आपल्याच शहरात उर्दू बोलणाऱ्या घरांत तो याच अर्थानं आहे. मराठीत येता येता त्याचा अर्थ सचोटी, खाल्ल्या मिठाला जागणं असा झाला. इमानी गडी, बेइमान, इमानेइतबारे नोकरी. श्रद्धेचा शब्द मराठी माणसानं व्यवहारात उतरवून घेतला, तेव्हा तुमच्या ‘विश्वासू’चा हा प्रवास आपल्या कानाला परका नाही.

वचनप्रेमींच्या मुद्द्याला जोडून आणखी एक. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ नावाचा संघ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना जागा होती. शिष्य कोण, हे नोंदवहीवरून ठरवायचं नाही, असा त्यांचा रोख होता असं मी समजतो. त्या काळी हे म्हणणं सोपं नव्हतं.

नम्मकम
काका, शिष्यावरून : प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा आहे, तिला ‘शिष्या’ म्हटलंय. ग्रीकमध्ये तो स्त्रीलिंगी शब्द साऱ्या नव्या करारात तेवढाच एकदा आलाय, असं आमच्या पाळकांनी सांगितलं होतं. खरं का?

पेन्शनर काका
खरं आहे. आणि ती वारल्यावर विधवांनी प्रेषित पेत्राला काय दाखवलं? तिनं शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं.

घडीखातं
म्हणजे आमच्याच धंद्यातली की!

धागाकर्ती
हो दादा, तुमच्याच. पुढच्या रविवारी टबीथाच घेणार आहे. आणि वर्गापुरतं आता ठरवलं : माणसांना हाक मारताना ‘विश्वासणारे’ किंवा ‘विश्वासी’, आणि ‘विश्वासू’ फक्त हातातल्या कामाबद्दल बोलताना. मुलांच्या वहीतही तसंच लिहून देते.