पतंगाचं पोट उघडल्याशिवाय जात लिहायचीच नाही का?

दिवटी
परवा पतंगांच्या (म्हणजे मॉथच्या, दिव्यावर येणाऱ्या पाखरांच्या) फोटोंच्या धाग्यावर काचपट्टी यांनी एक प्रतिसाद टाकला होता. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: फोटो बघून जातीपर्यंत (स्पीशीजपर्यंत) नाव देणारे हौशी लोक नोंदींचा कचरा करतायत, पोट उघडून जननेंद्रियं बघितल्याशिवाय जात कळत नाही, तोवर प्रजातीचं (म्हणजे जातींच्या गटाचं, जीनसचं) नाव लिहा, पुढे 'एसपी.' (जात ठरलेली नाही अशी खूण) टाका आणि गप्प बसा. ज्या मुलीच्या फोटोखाली हे आलं तिचा इथला तो पहिलाच फोटो होता. तिने फोटो काढून टाकला. तिथे दोन ओळी लिहून भागणार नव्हतं म्हणून हा वेगळा धागा.

अहो, सगळ्या पतंगांना एकच नियम कसा लावता? पावसाळ्यात राधानगरीला दिव्यासमोर लावलेल्या पडद्यावर फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा मून मॉथ येऊन बसला तर त्याला ॲक्टिअस सेलेने म्हणायला कोणाचं पोट उघडावं लागतं? सह्याद्रीत त्याच्याशी गल्लत होईल असं दुसरं आहे काय? आणि फोटो म्हणजे नुसते पंख नसतात. जागा, तारीख, अळी कुठल्या झाडावर होती, कशी खात होती, हे सगळं त्यासोबत येतं. हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून मागचं अर्धं अंग बाहेर ठेवून खाणारी अळी दिसली की शेतातलं लहान पोरसुद्धा घाटे अळी म्हणतं आणि ते बरोबर असतं.

राहिलं तुमचं 'एसपी.'. तसं लिहून ठेवलेल्या नोंदीकडे परत कोण बघतं हो? मी तर बघितलेलं नाही. नाव लिहिलं की कोणीतरी चूक काढायला तरी येतो, वाद होतो, त्यातून माणूस शिकतो. 'एसपी.' लिहिलं की सगळे पुढे जातात.

काचपट्टी
ते त्या मुलीला नव्हतंच. तिच्या फोटोखाली छातीठोकपणे नाव सांगून गेलेल्या चौघा जाणकारांना होतं. नीट वाचत जा.

मून मॉथ सोपा म्हणून उचललात. अवघडावर या. तुमचीच घाटे अळी घेऊ, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिचा पतंग दिव्यावर येतो तेव्हा तो हरभऱ्यावर वाढला की तंबाखूवर हे कपाळावर लिहिलेलं नसतं. रंग पिवळट, तांबूस, राखट, काहीही. शेजारी तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जाती, असल्टा ठेवा, पेल्टिजेरा ठेवा, त्यात पंख झिजलेले असले की मोबाइलच्या फोटोवरून सांगा बघू कोण कोण ते. झाड बघून सांगता म्हणे. तंबाखूवर दिसली म्हणून असल्टा लिहिणार? करडईवर दिसली म्हणून पेल्टिजेरा? आर्मिजेरा तंबाखू खाते, करडईही खाते, तिला काही वर्ज्य नाही.

ब्राझीलमध्ये काय झालं ते माहीत असेलच. तिथे तिची बहीण, हेलिकोव्हर्पा झीया ही जवळची जात, आधीपासून होती. आर्मिजेरा आल्याचं २०१३ ला जाहीर झालं, पण ती त्याच्या आधीपासून शेतात होती. पंखांवरून दोघी खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत. नराच्या इंद्रियाच्या आतली पिशवी फुगवून बघितली तर बुडाशी आर्मिजेराला एक फुगवटा, झीयाला तीन. आता सांगा कोणत्या फोटोत दिसतं ते.

आणि ॲटलासचं तर बोलूच नका. दर पावसाळ्यात पेपरात 'जगातील सर्वात मोठा दुर्मिळ पतंग आढळला', खाली ॲटॅकस ॲटलास. मग आपले जाणकार येतात, 'सह्याद्रीतला आहे, म्हणजे ॲटलास नव्हे, ॲटॅकसचीच दुसरी जात टॅप्रोबॅनिस.' कशावरून? तर सह्याद्रीतला आहे म्हणून! त्याच नोंदी नकाशावर चढतात आणि नकाशा बघून पुढचा माणूस म्हणतो सह्याद्रीत टॅप्रोबॅनिसच असतो. मूर या कीटकतज्ज्ञाने १८८३ ला टॅप्रोबॅनिस हे नाव श्रीलंकेतल्या पतंगाला दिलं. पीग्लर या संशोधकाने १९८९ ला अख्खी ॲटॅकस प्रजाती नव्याने तपासली आणि श्रीलंका-दक्षिण भारतातली म्हणून ही जात वेगळी ठेवली. उत्तरेला तिची हद्द कुठे संपते? फोटोंवरून हे कधीच कळणार नाही, कारण हद्द आधी ठरवलीय आणि नाव नंतर लिहिलंय.

सड्यावरचा
पोट उघडायचं म्हणजे आधी मारायचं, हे एवढ्या लांब प्रतिसादात कुठेच नाही. आमच्या गावात एका कॉलेजची टोळी आली होती, चादर लावली, दिवा लावला, पहाटेपर्यंत बाटल्या भरल्या आणि गेली. गावच्या पोरांनी चहापाणी केलं, जागरण केलं. नंतर काय सापडलं विचारायला फोन केले तर उचलले नाहीत. ना यादी ना नाव ना आभार. असली ओळख आम्हाला नको. पाखरू आलं, बघितलं, फोटो काढला, सोडून दिलं. जात कळली नाही तर आभाळ कोसळत नाही.

काचपट्टी
यादी दिली नाही हे वाईटच केलं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ॲटलासच्या पतंगाला अन्न घेता येईल असं तोंडच नसतं, अळीपणी साठवलेल्या चरबीवर आठवडा-दोन आठवडे काढतो आणि मरतो. तुमच्या सड्यावर नव्याने झालेल्या हॉटेलांचे हॅलोजन रात्रभर जळतात, त्यांच्याखाली सकाळी काय पडलेलं असतं ते कधी झाडून बघितलंय? मी काय करतो ते सांगतो. एका नराच्या पोटाचं टोक मोडून घ्यायचं, १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवायचं. मांस-चरबी विरघळते, कायटिनचा सांगाडा उरतो. मग पाण्यात धुऊन बारीक ब्रशने खवले काढायचे, सुईने व्हाल्व्ह (इंद्रियाच्या दोन बाजूंच्या झडपा) उघडायचे आणि कॅनडा बाल्सममध्ये बसवायचं. ती स्लाइड पन्नास वर्षांनी माझं नाव चूक ठरवायलासुद्धा उपयोगी पडेल. मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) कपाटांत कित्येक पिढ्यांपूर्वीचे कीटक ठेवलेत, म्हणून आज तुलना करता येते. तुमचा फोटो मोठा करून बघितला की नुसते चौकोन दिसतात.

सड्यावरचा
जुन्या काळात वाघही मारून भुसा भरून ठेवलेत. म्हणून आजही मारायचे का? उत्तर द्या.

काचपट्टी
वाघाची मादी एका वेळी दोन-चार पिल्लं देते, पतंगाची मादी शेकड्यांनी अंडी घालते. हे माहीत नसेल तर वाद घालू नका.

मिरजेचा मका
थोडं अवांतर हाय पण सांगतो. २०१८ ला ती नवीन लष्करी अळी आली तेव्हाची गोष्ट. आधी कर्नाटकात शिवमोग्ग्याकडं मक्यावर निघाली आन त्याच साली सोलापूर-सांगलीत. माझ्या मक्याचा पोंगा, म्हंजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, फाटलेला, आत लाकडाच्या भुश्शासारखी घाण. तालुक्याच्या दुकानात फोटो दाखवला. तो म्हणला स्पोडोप्टेरा हाय, हे स्पोडो ल्युअर, म्हंजे नराला वढणारी मादीच्या वासाची गोळी, न्या, कामगंध सापळे लावा, किती पतंग पडत्यात बघून फवारणीचं ठरवू. लावले. सापळे रिकामे. तो म्हणला पतंगच न्हाईत म्हणजे प्रादुर्भाव कमी, घाई करू नका. तोवर निम्म्या रानाचे पोंगे गेले. मागनं कळलं की ते ल्युअर तंबाखूवरच्या अळीचं, लिट्युराचं. ही अमेरिकन, फ्रुजिपर्डा, हिचा गंधच येगळा. आता तुमी दोघं ठरवा बरोबर कोण, माझं रान तर गेलं.

दिवटी
बघा काचपट्टी. दुकानदाराने तुमचाच सल्ला पाळला. प्रजातीवर थांबला. 'स्पोडोप्टेरा एसपी.' आणि या दादांचा मका गेला.

काचपट्टी
काहीही काय! तो थांबला कुठे? मनातल्या मनात लिट्युरा ठरवून त्याने तिचं ल्युअर गळ्यात मारलं. 'एसपी.' म्हणजे मला माहीत नाही, तपासा. माहीत नसताना माल विकणं हे 'एसपी.' नव्हे. माझ्या तोंडी काहीही घालू नका.

हरभरा_लातूर
शेतीचा विषय निघालाय म्हणून बोलतो, मी कृषी पदवीधर आहे. दादांच्या केसमध्ये पोटही नको आणि स्लाइडही नको. मोठी अळी हातात घ्या. शेपटीच्या अलीकडे, पोटाच्या आठव्या खंडावर चार मोठे काळे ठिपके चौकोनात बसलेले असतील तर फ्रुजिपर्डा. डोक्यावरचा उलटा वाय सगळे सांगतात पण तो एकटा पुरत नाही, दुसऱ्या अळ्यांवरही पुसट दिसतो. साध्या मोबाइलवर कळतं हे. नराच्या पंखाच्या टोकाला पांढरट त्रिकोणी डाग असतो तोही फोटोत येतो. मादी मात्र मळकट, तिच्यावरून बोलू नये.

आणि नाव चुकल्याचा फटका एवढ्यावर थांबत नाही. घाटे अळीवरचा एचएएनपीव्ही विषाणू स्पोडोप्टेरावर मारला तर पाणी मारल्यासारखंच, तो हेलिकोव्हर्पालाच लागतो. लोक म्हणतात जैविक औषध कुचकामी. औषध चांगलं असतं, अळी दुसरी असते.

मिरजेचा मका
साहेब, चार ठिपके आता पाठ झालेत. तवा कोण सांगायला आलतं? बारक्या अळीवर ठिपके दिसत बी न्हाईत नीट, आन मोठी होईपातूर ती पोंग्यात खोल जाती, वर घाणीचं बूच, औषध आत जात न्हाई. अळी बारकी असतानाच फवारा म्हणता आन मोठी झाल्यावर वळखा म्हणता. शेतकऱ्यानं करायचं काय?

हरभरा_लातूर
मुद्दा मान्य आहे. त्या वयात पान बघावं लागतं, हिरवा भाग खरवडून पातळ पापुद्रा उरतो, आणि शेजारच्या झाडांवर मोठी अळी मिळते का ते शोधावं लागतं. पण सापळा रिकामा म्हणून शेतात फिरायचंच नाही, हेही चूकच की. सापळ्यावर एवढा भरवसा ठेवू नये. फ्रुजिपर्डाचं बरोबर ल्युअर लावलं तरी त्यात मिथिम्ना या दुसऱ्याच प्रजातीचे पतंग येऊन पडतात, त्यांनाच मोजत बसणारे लोक मी बघितलेत.

मिरजेचा मका
फिरायचं न्हाई असं कुठं म्हणलो मी? रोज रानातच असतो. तुमी ऑफिसातनं शिकवू नका.

ग्वेल्फकर
मी कॅनडात ग्वेल्फला राहतो, जिथून २००३ ला पॉल हेबर्ट यांनी डीएनए बारकोडची, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखायची, कल्पना मांडली तेच गाव. लोकहो, २०१८ च्या अळीवर अजून वाय आणि ठिपके मोजताय? पतंगाचा एक पाय पाठवा, सीओआय जनुकाची ६५८ अक्षरं वाचा, संपलं. पाय तोडून पतंग सोडताही येतो, म्हणजे सड्यावरच्यांचंही समाधान. पोट उघडणं जुनं झालं.

काचपट्टी
आलं, हे यायचंच होतं. पाय वाचून जी अक्षरं मिळतात ती कशाशी जुळवता? आधी कोणीतरी पोट उघडून नाव दिलेल्या नमुन्याशीच ना? तिथे चुकीचं नाव असेल तर तुमचं मशीन तीच चूक शंभर टक्के जुळवून देतं.

हरभरा_लातूर
आणि फ्रुजिपर्डाचं उदाहरण ग्वेल्फकरांनी घ्यायलाच नको होतं. तिच्यात भातवाला आणि मकावाला असे दोन गट आहेत, दिसायला एकसारखे, फरक डीएनएवरूनच करतात. भारतात आलेल्या अळीचं सीओआय वाचलं तर बहुतेक भातवाली निघते. तीच अळी टीपीआय या दुसऱ्या जनुकावर तपासली तर मकावाली. आणि रानात खाते काय? मका. सीओआय फक्त आईकडून येतं, कुठल्या तरी पिढीत संकर झालेला असेल तर बापाकडची बाजू त्यात दिसतच नाही. ६५८ अक्षरांवर विसंबून 'भातावरची आहे, मक्याला धोका नाही' असं कोणी म्हटलं असतं तर?

ग्वेल्फकर
ते दोन गट आहेत, दोन जाती नाहीत. जातीचं नाव बारकोडने बरोबरच दिलं. जवळच्या जातींत एकाहून जास्त जनुकं वाचावी लागतात हे इथेही कोणी नाकारत नाही. पण जुनं झालं हा शब्द लागला असेल तर मागे घेतो, बाकी काही घेत नाही.

दिवटी
फिरून मूळ मुद्द्यावर येते. ल्युअर आणि पोंग्याच्या नादात तो बाजूलाच पडला.

काचपट्टींचा ॲटलासचा चक्राचा मुद्दा मला पटलेला आहे. सह्याद्रीतला म्हणून टॅप्रोबॅनिस आणि टॅप्रोबॅनिस म्हणून सह्याद्रीतला, हे ओळखणं नव्हे. पण त्यावर उपाय नाव न लिहिणं हा नाही, कशावरून लिहिलं ते लिहिणं हा आहे. 'टॅप्रोबॅनिस, फक्त ठिकाणावरून.' 'फ्रुजिपर्डा, आठव्या खंडावरचे चार ठिपके.' 'आर्मिजेरा, हरभऱ्याच्या घाट्यातली अळी घरी वाढवून पतंग काढला.' उद्या ॲटॅकसची हद्द शोधणारा माणूस 'ठिकाणावरून'वाल्या नोंदी बाजूला काढेल आणि उरलेल्या वापरेल. 'एसपी.'च्या ढिगातून त्याच्या हाती काय लागणार? दिव्यावरच्या आर्मिजेराबद्दलही तुमचं ऐकते, झिजलेल्या पतंगाला मी यापुढे जात लिहिणार नाही. पण जो माणूस अळी पाळतो, तिला रोज ताजा पाला घालतो, कोषातून पतंग निघेपर्यंत थांबतो, त्याला तुम्ही फोटोवाला म्हणून हाकलता याचा मला राग आहे आणि तो राहणार.

काचपट्टी
अळी वाढवून काढलेला पतंग असेल आणि अळी, कोष, पतंग तिन्हींचे फोटो असतील तर मी आक्षेप घेत नाही, पूर्वीही घेतलेला नाही. 'फक्त ठिकाणावरून' असं स्पष्ट लिहिणार असाल तर तेही चालवून घेईन. आवडलं असं समजू नका. लोक तेवढे दोन शब्द लिहिणार नाहीत, नाव तेवढं उचलतील, पैज लावतो.

मिरजेचा मका दादा, तुमच्याकडं अजून सापळे लागत असतील तर त्यात पडलेले नर फेकू नका. ते मेलेलेच असतात, सड्यावरच्यांनाही हरकत नसावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी येते. साध्या कागदाच्या पाकिटात एकेक, वर गाव, तारीख, कुठलं ल्युअर होतं ते. फ्रुजिपर्डा किती आणि मिथिम्ना किती ते मी पोट उघडून कळवतो. यादी मिळेल, लेखी.

मिरजेचा मका
ठेवतो. यादी मातूर पाठवा, त्या कॉलेजवाल्यांवानी करू नका.

सड्यावरचा
हॉटेलच्या दिव्याखाली मेलेला ॲटलास मिळाला तर मीही ठेवीन. जिवंत देणार नाही, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय कोणी बाटली काढली तर तक्रार मीच करणार, आधीच सांगून ठेवतो.

काचपट्टी
परवानगीशिवाय मीही जात नाही. मेलेला घ्याल तर सकाळी लवकर जा. मुंग्या आधी पोटच नेतात, आणि नुसते पंख मला नकोत.

दिवटी
आणि त्या मुलीच्या फोटोचं काय? तिला मी परत टाकायला सांगितलंय. खाली पहिला प्रतिसाद तुमचा हवा, काचपट्टी, आणि त्यात तिला काय दिसलं ते आधी विचारायचं.