हवामान बिघडले, की आपण बिघडवले?

धागाकर्ती, पंचवटी:
गोदावरीला पाणी चढू लागले की नाशिककर आजही पहिल्यांदा हेच विचारतात, की पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आले. आमच्या लहानपणी या प्रश्नाचे उत्तर पावसावर सोपवले जाई. आता तसे करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतील दर दहा लाख रेणूंमध्ये कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू उष्णता धरून ठेवतो, म्हणून हवा तापते. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते आणि पाऊस कोसळतो तेव्हा तो अधिक जोराने कोसळतो. हवेतल्या कार्बनची ही वाढ माणसानेच केलेली आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद, निफाड:
ताई, मी द्राक्ष बागाईतदार आहे आणि आपले म्हणणे मला मान्य नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडला, तेव्हा ना मोटारी होत्या ना कारखाने. १९६९ चा गोदावरीचा महापूर तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. निसर्गाची चक्रे फार मोठी असतात. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर गारपीट झाली, तेव्हा गोडी छाटणीनंतरचे (फळ धरण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास करतात ती छाटणी) कोवळे घड वेलीखाली पडलेले मी हाताने गोळा केले. त्या गारा मी आणल्या, असे कोणी म्हणाले तर ते मी कसे ऐकून घ्यावे?

प्रतिसाद, नाशिकरोड:
काका, तुमचे नुकसान कोणीच नाकारणार नाही आणि कोणतीही एक गारपीट कुणाच्या माथी मारणे शास्त्रालाही धरून नाही. दुष्काळ पूर्वीही पडत होते, पण म्हणून आजच्या तापमानवाढीचे कारण तेच ठरत नाही. सूर्य जास्त तापल्यामुळे हे घडत असते, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता; प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंड होतो आहे. शिवाय हवेत वाढलेला कार्बन जमिनीखालच्या कोळशातला आणि तेलातला आहे, हे त्याच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कार्बनच्याच वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, ओळखता येते. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात. तिथल्या विजेवर आमचाही पंखा चालतो, म्हणून हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही.

धागाकर्ती:
हवेचे बाजूला ठेवले, तरी नदीकाठचे काय? रामकुंडाच्या परिसरात पात्राच्या तळाला काँक्रीट घातले गेले, शहरातले नाले आक्रसले, पूररेषेच्या आत बांधकामे उभी राहिली. हे कोणत्या निसर्गचक्रात बसवायचे?

प्रतिसाद, निफाड:
नदीच्या बाबतीत आपले खरे आहे, आणि वरच्या थराचा मुद्दा मी पूर्वी ऐकला नव्हता. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही ‘माणूस जबाबदार’ या शब्दांवर माझी हरकत कायम आहे. अमेरिकेतला माणूस सरासरी भारतीयाच्या कितीतरी पट कार्बन हवेत सोडतो, मग दोघांना एकाच शब्दात कसे बसवता? गारांपासून बाग वाचवायला प्लॅस्टिकचे आच्छादन घालावे, असा सल्ला आम्हाला मिळतो. त्याचा एकरी खर्च लाखांत जातो, आणि तो एकट्या बागाईतदाराने कर्ज काढून सोसावा, हे मी कधीही मान्य करणार नाही.