आठवड्यातून चार दिवस पोळी बंद! चूक की बरोबर?

मुलुंडस्लो
अडीच महिने झाले, आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस पोळी होत नाही. त्याऐवजी भाकरी: ज्वारी, नाचणी, थंडी असेपर्यंत बाजरी. माझं मत ठाम आहे: मुंबईत दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी हा बदल करायलाच हवा. सकाळी ब्रेड, स्टेशनबाहेर वडापाव, दुपारी डब्यात भात, रात्री पुन्हा भात. कोंडा पोटात जातो कधी? १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू (फायबर) असतात, पॉलिशच्या तांदळात ३ सुद्धा नाहीत. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम.

चाळणी
पोळीने काय घोडं मारलंय? गिरणीतून दळून आणलेला, न चाळलेला गहू हे अख्खं धान्यच. तंतू ज्वारीपेक्षा कमी नाहीत, किंचित जास्तच. गुन्हा पावाचा आणि शिक्षा पोळीला! गडबड होते ती घरात. पोळ्या लुसलुशीत हव्यात म्हणून पीठ बारीक चाळणीतून काढायचं, कोंडा केराच्या डब्यात, आणि मग तंतू हवेत म्हणून 'मल्टिग्रेन' बिस्किटांचा पुडा आणायचा. मागे घटक वाचा, बहुतेकदा पहिलं नाव मैद्याचंच. ब्राऊन ब्रेडचा रंगही कित्येकदा कॅरॅमलचा असतो.

कळवा_६_४२
भाकऱ्या थापतं कोण, ते तेवढं लिहायचं राहिलं.
कणीक रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवता येते. ज्वारीचं तसं नाही. ऐन सकाळी पाणी उकळा, पीठ मळा, एकेक थापा. पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली, भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत तुकडे. एवढं करून दुपारी एकला डबा उघडला की खाकरा! आमच्या पोळीवाल्या मावशी भाकरीचे वेगळे पैसे घेतात आणि घ्यावेतच त्यांनी. लोकलला लटकणाऱ्या बाईला अजून एक काम लावू नका.

मुलुंडस्लो
मीच थापतो. बायकोची ड्युटी सातची. पहिले पंधरा दिवस जगाचे नकाशे झाले, खोटं कशाला बोलू. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणतो. बाजरीचं तर त्याआधीच कडवट होतं. डब्यात गरम असतानाच फडक्यात गुंडाळायची, सोबत सुकी भाजी नको, पिठलं किंवा आमटी.

साखरकाका
'भाकरीने साखर वाढत नाही' या भरवशावर मी तीन-तीन हाणत होतो. ग्लुकोमीटरने कान उपटले. भाकरी झाली तरी पिष्टच ते. नाचणीची आंबील तर मला पोळीपेक्षा जास्त चढते. बारीक पीठ, तेही शिजवून पातळ केलेलं, पचायला वेळ कितीसा लागणार? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की दिवसाच्या उष्मांकात तृणधान्यं आणि भरडधान्यं मिळून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. म्हणजे धान्य बदला, पण आधी एक भाकरी कमी करून वाटीभर उसळ वाढा.

शिधापत्रिका
२०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू २ रुपये, तांदूळ ३ आणि भरडधान्य १ रुपया किलो असं लिहिलं होतं. २०२३पासून धान्य फुकट झालं. पण आमच्या रेशन दुकानात वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळच उतरतो. तेच २०२३ भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा मॉलमध्ये नाचणीच्या कुकीज आल्या! बाजारातली चांगली मालदांडी ज्वारी गव्हापेक्षा महाग. ज्याला पाच माणसांचं भागवायचंय तो फुकटचा तांदूळ सोडून ती का घेईल? तुमचा हा बदल पगारदारांपुरता आहे.

मुलुंडस्लो
रेशनचं मान्य, त्यावर उत्तर नाही माझ्याकडे. चाळणी, आमच्या घरी पीठ चाळलंच जायचं, म्हणून मला पोळी सोडणं सोपं गेलं.

चाळणी
मग चाळणी सोडायची होती.

कळवा_६_४२
मुलुंड, अर्ध्या तासात किती होतात?

मुलुंडस्लो
सहा. दोन फुगतात.