आजची जपानी गाणी: काय भावले, काय खटकले? (अनुभव धागा)

जपानी गाणी ऐकणारे मराठी श्रोते आता वरचेवर भेटतात, पण बोलणे निघाले की गाणे बाजूला राहते आणि ते ज्या ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेच्या, सुरुवातीला वाजते त्या ॲनिमेचीच चर्चा रंगते. म्हणून हा धागा काढला आहे. सध्याच्या मुख्य प्रवाहातल्या जपानी पॉप किंवा रॉक गाण्यांपैकी कोणते तुमच्या मनात घर करून राहिले आणि कोणते एवढे गाजूनही तुम्हाला पटले नाही, हे कारणांसह लिहावे. नुसती यादी नको.

सुरुवात माझ्यापासून करते. दूरचित्रवाणीवर ॲनिमेच्या शीर्षकगीताला साधारण दीड मिनिट मिळते आणि तेवढ्यात संथ उठाव, चढत जाणारा मधला भाग आणि जपानी लोक ज्याला साबी म्हणतात ते ध्रुवपद, एवढे सगळे बसवावे लागते. या साच्याने आजच्या जपानी गाण्याला वेग दिला, पण त्याची उसंत हिरावून घेतली, असे माझे ठाम मत आहे. क्रीपी नट्स या जोडीचे ‘ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न’ (२०२४) घ्या. त्यातले रॅपर आर-शितेई यांची जीभ थक्क करते, ठेका पायांना स्वस्थ बसू देत नाही, परंतु दीड मिनिटानंतर त्या गाण्याकडे नवे सांगण्यासारखे काही उरत नाही. तुमचे मत वेगळे असेल तर ते वाचायला मला अधिक आवडेल.

कोल्हापूर, सुगम संगीताचा पेटीवादक

माझ्या भाचीच्या हट्टामुळे योआसोबी या जोडीची ‘योरु नी काकेरु’ (२०१९) आणि ‘आयडॉल’ (२०२३) ही दोन्ही गाणी मी पेटीवर बसवली. ‘आयडॉल’ बिलबोर्ड जपानच्या मुख्य यादीत सलग २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, पण साथीदाराला त्याची ओळख वेगळ्याच कारणाने होते. हे गाणे पूर्वसूचना न देता पट्टी बदलते. स्केल चेंजरची पेटी असून उपयोग नाही, कारण पट्टी सरकवायला हात उचलावा तेवढीही फट गाण्यात नाही. पांढऱ्यांवर जमलेली बोटे ऐन ओळीत काळ्यांवर न्यावी लागतात, आणि ती स्थिरावेपर्यंत गायिका पुढे निघून गेलेली असते.

तरीही हा बदल मला उगीचचा वाटत नाही. त्या गाण्यात एकाच तारकेविषयी आधी भारावलेले चाहते बोलतात, मग हेव्याने जळणाऱ्या सहकारी मुली आणि अखेर ती स्वतः. बोलणारा बदलला की सुरांची जमीनही बदलते, ही संगीतकार आयासे यांची समज मला फार मोलाची वाटते.

निवड करायची झाल्यास मात्र मी ‘योरु नी काकेरु’ निवडेन. एका लघुकथेवर बेतलेले हे गाणे वाद्यमेळ काढून घेतला तरी उभे राहते. कसलीही प्रस्तावना न करता गायिका इकुरा यांचा आवाज थेट सुरू होतो, आणि तो इतका सरळ, कंपाविना लागतो की हरकतींची सवय असलेल्या माझ्या कानाला आधी तो कोरडा वाटला. मग ध्यानात आले की एवढ्या वेगात एकेक अक्षर सुट्टे ऐकू येते ते या सरळपणामुळेच.

योकोहामा, नोकरीनिमित्त वास्तव्य

इथे गाण्याची खरी परीक्षा कॅराओकेच्या खोलीत होते. मिसेस ग्रीन ॲपलचे ‘लायलॅक’ (२०२४) कोणीतरी लावतेच. सुरुवातीच्या गिटारच्या झपाट्याला सगळे सावरून बसतात आणि ध्रुवपद जवळ आले की पट्टी उतरवण्यासाठी कोणाचा तरी हात रिमोटकडे जातो. गायक ओमोरी मोतोकी छातीतल्या आवाजातून वरच्या खोट्या आवाजात ज्या सहजतेने जातात ती विलक्षण आहे, यात शंका नाही. पण त्यांच्या अलीकडच्या गाण्यांत उंच स्वर हा भावनेचा कळस न राहता कायमचा मुक्काम होऊन बसला आहे. या बँडला २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. त्यांतले पहिले पुरस्कारविजेते गाणे, ‘के सेरा सेरा’, मला कितीतरी सरस वाटते, कारण त्यात आनंदाच्या आधीचा थकवाही ऐकू येतो.

त्यांच्या ‘कोलंबस’ या गाण्याची चित्रफीत जून २०२४ मध्ये टीकेनंतर मागे घेण्यात आली, याचाही उल्लेख करायला हवा. बँडचे सदस्य कोलंबस, नेपोलियन आणि बेथोव्हेन यांच्या वेशात एका बेटावर जातात आणि तिथल्या वानरसदृश प्राण्यांना शिकवतात, असे त्यात दाखवले होते. वसाहतीचा इतिहास भोगलेल्या देशातून आलेल्या मला ते पाहवले नाही. चित्रफीत मागे घेतली हे योग्यच झाले.

पुणे, जपानी भाषेची शिक्षिका

सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान पुणे-ओकायामा मैत्रीचे प्रतीक म्हणून उभे राहिले, हे पुणेकरांना ठाऊक आहेच. त्याच ओकायामा प्रांतातल्या एका छोट्या गावातून फुजिई काझे आले, आणि आजच्या सगळ्या जपानी गायकांत मला तेच सर्वाधिक जवळचे वाटतात. त्यांचा भारताशी असलेला धागा वरवरचा नाही. ‘हेल्प एव्हर हर्ट नेव्हर’ (२०२०) आणि ‘लव्ह ऑल सर्व्ह ऑल’ (२०२२) या त्यांच्या पहिल्या दोन अल्बमांची नावे सत्य साईबाबांच्या वचनांवरून घेतली आहेत, ‘ग्रेस’ या गाण्याची चित्रफीत भारतात चित्रित झाली आहे, आणि २०२५ च्या अल्बमचे नाव तर ‘प्रेमा’ असे आहे.

पहिल्या अल्बममधले ‘शिनुनोगा ई-वा’ २०२२ मध्ये अचानक थायलंडमध्ये आणि तिथून जगभर पसरले. विरहापेक्षा मरण बरे, असा त्याचा आशय. पियानोची चाल जुन्या जपानी भावगीताच्या वळणाची, खालचा ठेका मात्र आजचा, आणि दोन्हींमध्ये आवाज किंचित रेंगाळत, तालाच्या मागून चालणारा. वर्गात मी हे गाणे ऐकवते तेव्हा विद्यार्थी आधी बुचकळ्यात पडतात, कारण पाठ्यपुस्तकातली तोक्योची प्रमाण भाषा फुजिई काझे यांच्या सुरुवातीच्या गाण्यांत जागोजागी बाजूला सरते आणि ओकायामाची घरगुती बोली कानी पडते. मला त्या गाण्यांचा खरा जिव्हाळा तिथेच जाणवतो. म्हणूनच बहुतांशी इंग्रजीत गायलेला ‘प्रेमा’ कितीही सफाईदार असला, तरी त्या बोलीची उणीव मला सतत भासत राहिली. जगाने त्यांना त्यांच्या बोलीसकट स्वीकारले होते; ती सोडण्याची गरज नव्हती.

नाशिक, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

गायिका आदो यांचे ‘उस्सेवा’ (२०२०) म्हणजे आरडाओरड, असे मी अनेकदा ऐकले आहे आणि मला ते मुळीच मान्य नाही. गाणे प्रसिद्ध झाले तेव्हा त्या १७ वर्षांच्या होत्या. चेहरा लोकांसमोर न आणता केवळ आवाजावर त्यांनी हा संताप उभा केला: एका ओळीत गुरगुरणे, पुढच्या ओळीत काचेसारखा उंच स्वर, आणि सूर कुठेही सुटत नाही. शिष्टाचाराखाली दबलेल्या तरुणांना तो आवाज आपला वाटला, यात नवल नाही.

डोंबिवली, गिटारवादक

रॉकविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. गायक-संगीतकार योनेझु केन्शी यांचे ‘किक बॅक’ (२०२२) हे माझ्या मते या काळातले सर्वांत धाडसी लोकप्रिय गाणे आहे. त्याच्या संयोजनात किंग नू या बँडचे त्सुनेता दाईकी सहभागी होते. बेस गिटार सुरुवातीपासून अंगावर धावून येते, त्यात मॉर्निंग मुसुमे या मुलींच्या गानसमूहाच्या जुन्या गाण्यातली उमेदीची ओळ बेधडक आणून बसवली आहे, आणि मध्येच सगळा गोंगाट थांबून वाद्यवृंदाचा देखणा तुकडा उलगडतो. धागाकर्तीला उसंत हवी असेल तर ती इथे आहे, आणि तीही एका ॲनिमेच्या शीर्षकगीतात.

याउलट किंग नूचे स्वतःचे ‘स्पेशल्झ’ (२०२३) मला नुसत्या वातावरणावर चाललेले वाटते. ज्या बँडने ‘हाकुजित्सु’ (२०१९) मध्ये इगुची सातोरु यांच्या एकट्या हळुवार आवाजाने गाणे उघडण्याचे धैर्य दाखवले, त्यांच्याकडून मी अधिक अपेक्षा ठेवतो.

मडगाव, गृहिणी

वरची गाणी मी ऐकली आणि त्यांतले कौशल्य मला दिसते, पण काम करताना गुणगुणायला ओठांवर येते ते गायिका आइम्योन यांचे ‘मारीगोल्ड’ (२०१८). साधी गिटार, मध्यम लय, सहज पेलणारी स्वरांची उंची, आणि ध्रुवपदाची चाल पहिल्या ऐकण्यातच पाठ व्हावी अशी. ‘कोहाकु उता गास्सेन’ या दूरचित्रवाणीवरच्या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात त्यांनी त्याच वर्षी हे गायले. सर्वसामान्य माणसाला गाता येईल असे गाणे रचणे हीसुद्धा मोठी कसोटी आहे, आणि ‘लायलॅक’ किंवा ‘आयडॉल’ रचणाऱ्यांनी ती अधूनमधून स्वतःला लावून पाहावी, असे मला मनापासून वाटते.