घरात कांजिण्या आल्यात, बाकीच्यांचं काय?

नमस्कार मंडळी,
काल मुलाच्या अंगावर कांजिण्या उठल्या. धाकटी दोन वर्षांची आहे, सासूबाईही सध्या इथेच आहेत. मुलाला वेगळ्या खोलीत ठेवलं की रडून घर डोक्यावर घेतो. परवाच गरोदर नणंद दिवसभर येऊन गेली, तेव्हा तो अगदी ठणठणीत होता, म्हणून तिची तेवढी काळजी नाही. धाकटीला कसं जपू?

---

ताई,
आधी नणंदेला फोन करा, आजच. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरतो. तिला पूर्वी कांजिण्या झाल्यात का, लशीचे दोन डोस घेतलेत का, ते विचारा. खात्रीने सांगता येत नसेल तर अंगावर काही उठायची वाट न बघता तिने डॉक्टरांशी बोलावं. प्रतिकारशक्ती आहे की नाही ते रक्ताच्या तपासणीत कळतं. गरोदरपणात ही लस देत नाहीत, पण दुसरे उपचार आहेत आणि ते वेळेत सुरू व्हावे लागतात.

‘लहानपणी झाल्याच असतील’ असं कुणाच्याच बाबतीत धरून चालू नका. उष्ण प्रदेशात वाढलेल्या पुष्कळांना त्या लहानपणी होतच नाहीत, आणि मोठेपणी झाल्या तर जड जातात, कधी न्यूमोनियाही होतो. सासूबाईंनाही विचारा.

धाकटीची लस राहिली असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा. संपर्कानंतर 3 ते 5 दिवसांत दिली तर आजार टळू शकतो, निदान सौम्य होतो. मुलाला मात्र कोंडून ठेवू नका. हा विषाणू हवेतूनही पसरतो आणि धाकटी त्याच्यासोबतच होती. तिला व्हायच्या असल्या तर 10 ते 21 दिवसांत दिसतील.

तापाला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन अजिबात नको, त्याने मुलांच्या यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. आयबुप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

---

दादा, लगेच फोन केला. तिला काहीच आठवत नाही, उद्या रक्त तपासणार आहेत. तुम्ही लिहिलं नसतं तर मी तिला कळवलंच नसतं. मुलगा रात्रभर खाजवतोय, त्याला काय करू? आणि शाळेत कधी पाठवायचं?

---

नखं अगदी बारीक कापा, सैल सुती कपडे घाला, कॅलामाइन लावा. खाज फारच असेल तर डॉक्टर औषध देतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाही. फोडाभोवतीची कातडी लाल, गरम होऊन दुखायला लागली, धाप लागली किंवा मूल सुस्त पडलं, तर रात्र असली तरी थांबू नका, दवाखाना गाठा. नणंदेचा रिपोर्ट आला की कळवा.